‘आयव्हस’, ‘प्लाक बर्डन’ आणि ‘ब्लॉकेज’

प्रश्न : वडिलांच्या रिपोर्टात ‘आयव्हस’ आणि ‘प्लाक बर्डन ६५ टक्के’ असं लिहिलंय. याला मराठीत काय म्हणायचं? आणि प्लाक बर्डन म्हणजेच ब्लॉकेज का?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण माणसं घाबरतात ती तिथेच. प्लाक बर्डन म्हणजे ब्लॉकेज नव्हे. प्लाक म्हणजे रोहिणीच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीच्या, भिंतीत साठलेला चरबी वगैरेचा साठा.

अँजिओग्राफीत रक्तात सोडलेला डाय दिसतो, रोहिणीची भिंत दिसत नाही. शेजारच्या बऱ्या भागापेक्षा पोकळीचा व्यास किती घटला, ते ब्लॉकेजचे टक्के. व्यास ५० टक्के घटला तर गोल पोकळीचं क्षेत्रफळ ७५ टक्के घटतं. म्हणून टक्के कशाचे, हे आधी विचारावं.

आयव्हस म्हणजे इंट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड. त्यात मनगटातून किंवा जांघेतून नेलेल्या बारीक कॅथेटरच्या टोकाशीच सोनोग्राफीचा प्रोब असतो. तो हळूहळू मागे ओढताना रोहिणीचे आडवे छेद दिसत जातात : मध्ये कॅथेटर, भोवती पोकळी, मग आतलं अस्तर, त्याबाहेर स्नायूच्या थराची काळी रेघ. कॅल्शियम असेल तिथे पांढरीशुभ्र कड आणि तिच्यामागे काळी सावली. त्या काळ्या रेघेसकट आतलं जे एकूण क्षेत्रफळ, त्यातला प्लाकने व्यापलेला वाटा म्हणजे प्लाक बर्डन.

ग्लागोव आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की प्लाक वाढतो तशी रोहिणी बाहेरच्या अंगाने फुगते. सुमारे ४० टक्के जागा प्लाकने व्यापेपर्यंत पोकळी फारशी घटत नाही. अँजिओग्राफी ‘नॉर्मल’ आणि भिंतीत मात्र आजार, हे म्हणूनच होऊ शकतं.

आता शब्द. अल्ट्रासाउंडला ‘श्राव्यातीत’ म्हणा, ‘स्वनातीत’ नको. तो ध्वनीपेक्षा वेगवान विमानांचा शब्द. इथे लहरी साधारण २० ते ६० मेगाहर्ट्झच्या, पोटाच्या सोनोग्राफीपेक्षा कितीतरी वरच्या. त्या खोल जात नाहीत, पण काही मिलिमीटरच बघायचे असतात आणि ते बारकाईने दिसतात. आयव्हसला मी ‘रोहिणीच्या आतून केलेली सोनोग्राफी’ असं म्हणेन. लांब आहे, पण ऐकणाऱ्याला कळतं. प्लाकला ‘लेप’ म्हणणं मात्र मला पटत नाही. लेप वरून लावतात. प्लाक अस्तराच्या आत साठत जातो.

प्रश्न : ‘धमनी’ का नको?

उत्तर : चालेल की. ‘शीर’ नको, ती नीला.

प्रश्न : मग ६५ टक्के म्हणजे स्टेंट लागणारच ना?

उत्तर : तेवढ्यावरून ठरत नाही. रिपोर्टात ‘एमएलए’ शोधा, म्हणजे सर्वांत अरुंद जागी पोकळीचं क्षेत्रफळ. डाव्या मुख्य रोहिणीसाठी ६ चौरस मिलिमीटर ही मर्यादा बऱ्याचदा धरतात. इतर रोहिण्या लहान, त्यांना हा आकडा लावू नका. स्टेंट घालायचाच झाला तर त्याचा आकार निवडायला आणि तो नीट उघडून भिंतीला टेकला का हे बघायलाही आयव्हस लागतं. डाव्या मुख्य रोहिणीत, फाट्यावर किंवा लांबलचक भागात स्टेंट घालताना आतून प्रतिमा घ्याव्यात, अशी ठाम शिफारस २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत आहे. वडिलांचं दुखणं कोणत्या रोहिणीत आहे आणि एमएलए किती, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा.