दळायचं किती आणि ठेवायचं कशात? गांजाच्या फुलाचे अनुभव लिहा (कायदेशीर देशवाल्यांनो)

मिसिसागाकर

मंडळी, परवा एका मराठी मित्राकडे जेवायला गेलो होतो. पठ्ठ्याने दुकानातून आणलेले आख्खे २८ ग्रॅम एका बैठकीत ग्राइंड करून लोणच्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बरणीत भरले होते आणि बरणी कुठे तर किचनच्या खिडकीत, दुपारचं ऊन थेट तिच्यावर. आणि वर मलाच विचारतो, काय रे, हल्ली मालात दम राहिला नाही का. अरे बाबा दम होता, तू घालवलास!

पण त्याला हसायचा मला काही हक्क नाही. इथे कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ ला कायदा लागू झाला त्या पहिल्या हिवाळ्यात मीही हेच केलं होतं, फक्त बरणीच्या जागी झिपवाली पिशवी. तीन आठवड्यांनी उघडली तर वास सुक्या गवताचा, आणि जे चिकट बारीक दाणे फुलावर चमकतात ते सगळे पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटलेले, प्लास्टिकला स्टॅटिक असतं ना. बोट फिरवलं की बोटाला येत होते, फुलात काही नाही. तेव्हा डोक्यात आलं की हे तर वेलचीसारखं झालं. आमची आजी वेलची कधी कुटून ठेवायची नाही, श्रीखंडाच्या दिवशी चार दाणे सोलून खलबत्त्यात. पूड डब्यात ठेवली की आठवड्यात नुसता भुसा.

आता माझी पद्धत: काचेची घट्ट झाकणाची छोटी बरणी, फुलं अख्खी, बरणी कपाटात अंधारात, आणि दळायचं ते त्या दिवसापुरतंच. तुमचं काय? ग्राइंडर कुठला, बरणी कुठली, काय फसलं, सगळं लिहा. फक्त जिथे कायदेशीर आहे तिथलेच अनुभव, आणि "कुठे मिळेल" विचारायला येऊ नका प्लीज. ओढावा की नाही यावर भांडायला दुसरी जागा शोधा.

चिनूकग्रस्त

कॅल्गरी. आमच्याकडे प्रॉब्लेम उलटा, ओल नाहीच. जानेवारीत फर्नेस दिवसभर चालू, घरात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, लाकडी फर्निचर कडाकड वाजतं, मग फुलाचं काय होणार. दुकानातून आणलेलं पाकीट दोनदा उघडलं की कुरकुरीत. पाकिटावर पॅकिंगची तारीख छापलेली असते, ती आधी बघा. मी एकदा सेल आहे म्हणून आणलं आणि घरी येऊन तारीख वाचली तर अकरा महिने जुनं. सेल का होता ते कळलं.

६२ टक्केवाला ह्युमिडिटी पॅक टाकायला लागल्यापासून बरं आहे. छोटी कागदी पुडी असते, ओल कमी झाली की सोडते आणि जास्त झाली की शोषून घेते. ८ ग्रॅमची पुडी २८ ग्रॅमला पुरते. हाताला कडक लागली की फेकायची. ५८ चीही मिळते, काही लोकांना तीच आवडते, मला फरक कळला नाही खरं सांगू तर. आणि संत्र्याची साल टाकायचा उद्योग कृपया करू नका, मी केलाय. दोन दिवसांत सगळ्याला संत्र्याचा वास आणि चौथ्या दिवशी सालीवर हिरवट बुरशी.

खाऱ्यावाऱ्यातली

हॅलिफॅक्स. चिनूकग्रस्त, तुमची कोरडी हवा थोडी इकडे पाठवा. आमच्याकडे उन्हाळ्यात धुकं उठतच नाही, मीठ डबीत गोळा होतं. बेसमेंटमध्ये बरणी ठेवली होती, अंधार आहे थंड आहे म्हणून, आणि झाकणाचं रबर सैल झालेलं मला कळलंच नाही. पंधरा दिवसांनी उघडली तर वास अमोनियासारखा, नाकाला झोंबणारा. भिंग घेऊन बघितलं. निरोगी फुलावरचे दाणे काचेच्या टाचणीसारखे दिसतात, बारीक देठ आणि वर गोल डोकं. हे तसं नव्हतं. कापसाचे तंतू पसरल्यासारखं, राखाडी पांढरं, देठाजवळ जास्त. सगळं फेकलं, नवरा म्हणत होता वरचं काढून टाक, पावाचं काढतो तसं, म्हटलं पावाचंही काढून खायचं नसतं.

आता प्रत्येक बरणीत नाण्याएवढा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजायचं यंत्र. ६५ टक्क्यांच्या वर गेला की झाकण उघडून जरा वारा द्यायचा आणि तरी उतरला नाही तर फूल खरंच ओलं आहे समजायचं.

दोनमांजरं

व्हँकुव्हर. माझ्या नवऱ्याची केमो चालू होती तेव्हाचा अनुभव. डॉक्टरांशी बोलूनच चाललं होतं, मळमळीसाठी. बुरशीबद्दल वर लिहिलंय ते आमच्यासाठी फार सीरियस होतं कारण प्रतिकारशक्ती खाली असताना अॅस्परजिलस नावाची बुरशी श्वासातून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, नर्सने हे स्पष्ट सांगितलं होतं आणि शेवटी आम्ही फूल बंद करून गांजाच्या तेलावरच गेलो. घरात असा पेशंट असेल तर "वास तर ठीक आहे" एवढ्यावर जाऊ नका, टीमला विचारा.

फ्रिजचंही सांगते. मी कोथिंबीर ताजी राहते या हिशोबाने बरणी फ्रिजमध्ये ठेवली होती. बाहेर काढली की आत दव. पुन्हा आत, पुन्हा दव. फ्रीजरमध्ये ते दाणे ठिसूळ होऊन गळतात, बरणी हलवली की तळाला पिवळट पूड. नकोच.

आणि कुलूप! माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती, मसाल्याच्या कपाटात हात घालून मला विचारते, हे दगडफूल ओलं कसं गं झालं? त्याच दिवशी कुलपाची पेटी आणली. आईला सांगितलं ते काय आहे, ती म्हणाली बरं, आणि मग दगडफूल कुठे ठेवलंयस?

जुनीकागदं

मी पुण्यात असतो त्यामुळे स्वतःचा अनुभव शून्य, पण जुने सरकारी रिपोर्ट वाचायचा नाद आहे. ब्रिटिशांनी १८९३-९४ मध्ये हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं होतं, त्यात बंगालच्या गांजाचे तीन प्रकार येतात: चपटा, गोल आणि चूर. चूर म्हणजे देठाकाडी गेलेला, मोडलेला माल, आणि त्यावर कर सगळ्यात जास्त, कारण वजनात काडी नाही, नुसतं कामाचं. म्हणजे दळलेल्या-न दळलेल्याचा हिशोब सरकारने तेव्हाच मांडला होता.

दुसरं, १९७६ चा लंडनच्या संशोधकांचा साठवणीवरचा पेपर आहे. त्यांचं म्हणणं, सगळ्यात जास्त नुकसान प्रकाशाने होतं, थेट ऊन नसलं तरी. मग हवा. वीस डिग्रीपर्यंतच्या तापमानाचा फरक जवळपास नाहीच. अंधारात नीट ठेवलं तर साध्या खोलीत वर्ष-दोन वर्षं बऱ्यापैकी टिकतं. आणि गंमत म्हणजे फुलावरच्या त्या ग्रंथींना ते गच्च भरलेल्या, बूच लावलेल्या बरण्याच म्हणतात, त्या जितक्या कमी फुटतील तितकी हवा कमी लागते. मिसिसागाकरांच्या आजीने पेपर न वाचता तेच केलं.

इथल्या वाचकांसाठी: भारतात फूल म्हणजे गांजा १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, फुलोऱ्याशिवायची पानं त्या व्याख्येत येत नाहीत म्हणून काही राज्यांत भांगेचं दुकान असतं. दोन्ही एक समजून सुटकेसात बरणी भरू नका.

नुसतीवाचक

सुटकेसवरून आठवलं. मी न्यू जर्सीत, एच वन वर. राज्यात २०२२ पासून दुकानं आहेत, कोपऱ्यावर बोर्ड दिसतो, पण फेडरल कायद्यात अजून बेकायदा आणि इमिग्रेशन फेडरल आहे. ग्रीनकार्डच्या रांगेतल्यांनी नुसतं "हो घेतलाय" म्हटलं तरी अडकू शकतं, आमच्या वकिलाने दोनदा बजावलं. म्हणून मी खरंच नुसती वाचते. मला आवडतं तुम्ही लोक मसाल्यासारखं बोलता ते.

बर्लिनचाबाल्कनीवाला

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून घरी तीन झाडं चालतात, मी दोन लावली. दुकानच्या मालाशी तुलना करू नका, घरचं असलं की साठवण कापणीच्या दिवशीच सुरू होते. मी घाई केली, पाचव्या दिवशी वरून सुकं वाटलं म्हणून बरणीत भरलं, दुसऱ्या दिवशी हायग्रोमीटर ७४. आतली ओल बाहेर आलेली. परत काढून कागदावर पसरलं. देठ वाकला तर ओलं, कट्कन मोडला तर झालं, हे शेजारच्या म्हाताऱ्याने शिकवलं. मग पहिले दोन आठवडे रोज झाकण उघडून दहा मिनिटं, नाहीतर आत कोंडतं.

ग्राइंडरबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. कॉफी ग्राइंडर नको, ब्लेड तापतं आणि पीठ होतं, पीठ झालं की हवा जात नाही आणि भसकन जळतं. अॅल्युमिनियमचा चार तुकड्यांचा घ्या, वरच्या दोनात दात, खाली जाळी, सगळ्यात खाली पूड जमते. मधला देठ आधी काढा. सात-आठ वेळा फिरवला की बास, चहाच्या पत्तीएवढं जाड राहिलं पाहिजे.

मिसिसागाकर

बाल्कनीवाले, धन्यवाद, माझा ग्राइंडर सहा महिन्यांपासून फिरतच नव्हता, आट्यांत काळा राळ बसून झाकण जाम. तुमची पोस्ट वाचून उठलो. वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवला (फुलाला नको, ग्राइंडरला चालतं), ताटलीवर ठोकला, तर खपल्या पडल्या. राहिलेलं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. पाणी शेवटी आणि मग पूर्ण वाळवायचा. आता इतका हलका फिरतोय की झाकण हातातून सुटून सोफ्याखाली गेलं. लोहचुंबक असलेलं झाकण आहे, काढलं तर त्याला बायकोची हरवलेली हेअरपिन चिकटलेली.

ज्याच्यामुळे धागा काढला त्या मित्राने काल फोन केला. खिडकीतली बरणी हलवली म्हणाला. कुठे ठेवलीस? तर म्हणे ओव्हनच्या वरच्या कपाटात, अंधार आहे ना.