मदत हवी आहे: साधं एलडीएल आणि ऑक्सिडाइज्ड एलडीएल, दोन्हीकडे सारखेच फोम सेल्स??

तांबडा_थेंब
मंडळी, अर्जंट आहे. एलडीएल (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) ऑक्सिडाइज व्हावं म्हणून त्यात कॉपर सल्फेट घालून ३७ डिग्रीला रात्रभर ठेवलं, सेल्सना दिलं, ऑइल रेड ओ (चरबीचे थेंब लाल रंगवणारा स्टेन) केलं. ऑक्सिडाइज्डच्या वेल्समध्ये (प्लेटमधल्या छोट्या वाट्या) लाल थेंब आहेत, म्हणजे थेंबांनी फुगलेले फोम सेल्स, पण साध्या एलडीएलच्या वेल्समध्येही तेवढेच! तीनदा केलं, तीनदा तेच. गाइड म्हणतात स्टेन नीट धुतला नसशील. मी आता चौथ्यांदा धुणार नाहीये. सोमवारी लॅब मीटिंग आहे, काय चुकतंय?

पिपेटवाला
कुठले सेल्स? कॉपर किती? एलडीएल स्वतः वेगळं केलंस की विकतचं? एवढं तरी लिहायचं की राव.

तांबडा_थेंब
टीएचपी-१ (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या रक्तपेशी), पीएमए देऊन चिकटवलेले, म्हणजे मॅक्रोफेज (गिळणाऱ्या पेशी) बनवलेले. कॉपर १० मायक्रोमोलर. एलडीएल विकतचं. बाकी सगळं नेहमीचंच.

जुनी_खोड
कॉपरचा नाद सोड, ॲसिटाइल एलडीएल वापर. १९७९ साली गोल्डस्टीन आणि ब्राउन यांनी हेच दाखवलं होतं, साधं एलडीएल मॅक्रोफेज जेमतेम घेतो, ॲसिटिक अनहायड्राइडनं बदललेलं मात्र वखवखल्यासारखं खातो. आम्ही सगळं आयुष्य त्यावर काढलं, एकदाही दगा दिला नाही.

मध्यरात्र_इन्क्युबेटर
पण शरीरात ॲसिटाइल एलडीएल सापडतं का हो? ते ट्यूबमधलंच खेळणं. हिला ऑक्सिडेशनच दाखवायचं असेल तर काय उपयोग?

जुनी_खोड
खेळणं? त्या खेळण्यामुळेच स्कॅव्हेंजर रिसेप्टर (बदललेलं एलडीएल आत घेणारं पेशीवरचं दार) सापडला. ज्या पेशंटांमध्ये एलडीएल रिसेप्टर (साधं एलडीएल आत घेणारं दार) जन्मतःच निकामी, त्यांच्याही धमन्यांत फोम सेल्स भरभरून असतात, मग कोलेस्टेरॉल आत शिरतं कुठल्या दारानं, हा प्रश्न होता तेव्हा. आणि कॉपर तरी कुठे शरीरातलं आहे तुझं, १० मायक्रोमोलर मोकळं कॉपर रक्तात असतं का?

सकाळचा_फेरफटका
नमस्कार, विषय कोलेस्टेरॉलचा दिसला म्हणून विचारतो. माझं एलडीएल १६२ आलंय, डॉक्टरांनी स्टॅटिन लिहून दिलीय. पण पेशींना कोलेस्टेरॉल लागतंच ना, मग गोळीनं पेशी उपाशी नाही का राहणार?

पिपेटवाला
काका, धागा वेगळा आहे. थोडक्यात, नाही राहत. गोळी लिव्हरच्या पेशीतलं कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवते, पेशीला आत टंचाई जाणवते, ती एलडीएल रिसेप्टर जास्त बनवून पृष्ठभागावर पाठवते आणि रक्तातलंच एलडीएल ओढून घेते. रक्तातलं कमी होतं ते असं. गोळीचं काय ते डॉक्टरांशीच बोला.

सेंट्रीफ्यूज_ताई
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? तांबडा_थेंब, चार गोष्टी सांग. (१) एलडीएल अजिबात न घातलेली वेल कशी दिसते? (२) बाटलीवर ईडीटीए लिहिलंय का, आणि कॉपर घालण्याआधी डायलिसिस (पडद्याच्या पिशवीत ठेवून छोटी रसायनं धुऊन काढणं) केलंस का? (३) एलडीएल ठेवतेस कुठे? (४) सेल्सवर घालण्याआधी ट्यूबचं काय करतेस, अगदी हाताची हालचालसुद्धा सांग.

तांबडा_थेंब
१. रिकामी वेल स्वच्छ, एखाददुसरा थेंब. म्हणजे स्टेन बरोबर आहे, हे मी आधीपासून सांगतेय!
२. ईडीटीए आहे बाटलीत. डायलिसिस नाही केलं, ते कशाला?
३. उणे २० ला, छोटे छोटे भाग करून.
४. काही नाही, वितळवलं की तळाशी बारीक कण दिसतात म्हणून व्हॉर्टेक्स करते (यंत्रावर जोरात घुसळते), दहा-पंधरा सेकंद.

सेंट्रीफ्यूज_ताई
अगं बाई. सापडलं, आणि एक नाही, दोन.
ईडीटीए कॉपरला धरून ठेवतं. बाटलीतलं ईडीटीए तुझ्या कॉपरपेक्षा जास्त असेल तर कॉपर रात्रभर बांधलेलं राहिलं, ऑक्सिडेशन झालंच नाही. तुझ्या दोन्ही ट्यूब जवळपास एकच आहेत. एलडीएलला कॅरोटीनमुळे पिवळट रंग असतो, ऑक्सिडाइज होताना तो उडतो. तुझी ट्यूब सकाळी पिवळीच होती ना?
आता साधं एलडीएल आत का गेलं ते बघ. कण एकटा असताना एलडीएल रिसेप्टर त्याला धरून क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाच्या खळग्यातून आत नेतो, लायसोसोममध्ये (पेशीची पचनपिशवी) कोलेस्टेरॉल सुटतं, ते पुरेसं झालं की एसआरईबीपी-२ (रिसेप्टरचं जीन चालू करणारं प्रथिन) गोल्जीकडे, म्हणजे जिथे ते कामाला तयार होतं तिथे, जायचा थांबतो आणि नवे रिसेप्टर बनणं मंदावतं. म्हणून साध्या एलडीएलनं पेशी सहसा थेंबांनी फुगत नाही. पण ते गोठवलं की कण एकमेकांना चिकटतात, व्हॉर्टेक्सनं आणखी गुठळ्या होतात (ते तळाचे 'बारीक कण' म्हणजे त्याच!), आणि गुठळी दिसली की मॅक्रोफेज ती गिळतो. स्कॅव्हेंजर रिसेप्टरलाही पोट भरल्याचं कळत नाही, पण तिथवर तू पोचलीच नाहीस.

मध्यरात्र_इन्क्युबेटर
+१. टीबार्स चाचणी लाव म्हणजे ऑक्सिडेशन झालं का कळेल.

जुनी_खोड
टीबार्सवर विश्वास ठेवू नये, काहीही दाखवतं. ॲगरोज जेल लाव (त्यात विजेनं कण पळवतात), ऑक्सिडाइज्ड कणावर ऋण भार वाढतो, तो पुढे पळतो. डोळ्यांनी दिसतं. आणि ॲसिटाइलचा कंट्रोल ठेवच.

सकाळचा_फेरफटका
म्हणजे माझं १६२ ऑक्सिडाइज्ड आहे का साधं, हे तपासता येतं का?

पिपेटवाला
काका...

तांबडा_थेंब
जेल लावलं. जुनं 'ऑक्सिडाइज्ड' आणि साधं अगदी शेजारी-शेजारी एकाच रेषेत, केसाचाही फरक नाही. तीन महिने गेले माझे. नवी बाटली ४ डिग्रीला ठेवलीय, आज तीनदा पीबीएस (खारट बफर) बदलून डायलिसिस करतेय. उद्या कॉपर. फक्त एक विचारायचं, ऑक्सिडेशन थांबवायला कॉपरचं काय करायचं?

सेंट्रीफ्यूज_ताई
ईडीटीए घाल.

तांबडा_थेंब
तुम्ही चेष्टा करताय.

सेंट्रीफ्यूज_ताई
नाही गं, खरंच. थोडं बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) पण घाल. मग सेल्सवर घालण्याआधी परत डायलिसिस. आणि व्हॉर्टेक्सच्या बटणाला हात लावू नकोस, ट्यूब हळूच उलटीसुलटी कर.