कूलंट कमी होतंय, पण गाडीखाली एक थेंब नाही. काय तपासू?

सुदामानगरची (इंदूर):
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पावसाळा संपल्यापासून कूलंटची टाकी मॅक्सपर्यंत भरली तरी आठवड्या-दहा दिवसांत मिनच्या खाली जाते. पार्किंगच्या फरशीवर डाग नाही. ऑफिसहून घरी आल्यावर बॉनेटपाशी गोडसर वास मात्र येतो. तापमानाचा काटा नेहमीसारखा मधेच असतो. जवळच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "हेड गॅस्केट गया मैडम, इंजन खोलना पड़ेगा." आईबाबांना घेऊन ओंकारेश्वरला जायचंय, वाटेत भेरूघाट आहे. तोवर लीक बंद करणारी पावडर टाकू का?

धाररोडवाला:
आधी रेडिएटरची टोपी बदला. रबर कडक झालं की दाब धरत नाही. स्वस्तातलं काम आहे.

गॅरेजवाले काका (रामबाग):
ताई, इंजिन उघडायला अजून हो म्हणू नका. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधली सील, ती गेली का हे नुसतं बघून कळत नाही, आणि तुम्ही सांगता त्या खुणा मला वेगळ्या वाटतात. वास बाहेर येतोय, म्हणजे कूलंट बाहेरच कुठेतरी गरम भागावर पडून उडून जातंय. फरशी कोरडी राहते ती त्यामुळेच. इंजिन तापलं की सिस्टिममध्ये दाब चढतो, तेव्हाच बारीक फट गळते; गार झालं की थांबते.

गॅस्केट गेलं असतं तर सकाळी गाडी चालू केल्यावर पांढरा धूर थांबता थांबला नसता, डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) तेल दुधट दिसलं असतं, किंवा थंड इंजिन चालू करताच रेडिएटरात बुडबुडे आले असते. हे तिन्ही बघून घ्या. तेलाच्या झाकणाखाली थोडी पांढरट साय दिसली तर लगेच घाबरू नका, थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या तरी ती धरते.

आता खरं काम. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना टॉर्च घेऊन बसा. गरम असताना टोपीला हात लावायचा नाही, अजिबात नाही. टोपी सैल होताच आतलं पाणी उकळून अंगावर उडतं. पाणी उडून गेलं तरी रंग आणि क्षार मागे राहतात, म्हणून ओल शोधू नका, वाळलेला गुलाबी किंवा हिरवट पापुद्रा शोधा. होजच्या क्लॅम्पपाशी, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) ज्या डबीत बसतो तिच्यापाशी, रेडिएटरची प्लास्टिकची बाजू ॲल्युमिनियमला जिथे दाबून बसवलेली असते त्या कडेला. आणि वॉटर पंपाखाली जरूर बघा. पंपाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतली सील झिजली की कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी तिथून बाहेर पडतं. ते भोक बुजवून देणारे लोक मी पाहिले आहेत. मग बेअरिंग जातं आणि पंप रस्त्यातच जाम होतो. शेजारच्या सीटखालचा गालिचाही चाचपून घ्या. चिकट ओल लागली तर हीटरची जाळी गळतेय. एसीचं पाणी नुसतं पाणी असतं, वास नसतो.

डोळ्यांना सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर लावायला सांगा. टोपीच्या जागी हातपंप बसवून टोपीवर छापलाय तेवढाच दाब भरतात, बहुतेक गाड्यांत ०.९ किंवा १.१ बार. इंजिन बंद, सगळं गार, काटा खाली येतो का ते बघत थांबायचं. गळती स्वतःच जागा दाखवते. धाररोडवाल्यांची टोपीची शंकाही रास्त आहे, ती त्याच यंत्रावर तपासता येते. हे झाल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

पावडर नको, आणि कुणी हळद सांगितली तर तीही नको. दोन्ही हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. काट्यावरही विसंबू नका. पाणी फार उतरलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापत असताना काटा नॉर्मल दाखवू शकतो.

सुदामानगरची (इंदूर):
काका, खूप आभार. धूर नाही, तेल स्वच्छ आहे. दुसऱ्या गॅरेजात टेस्टर लावला, काटा हळूहळू उतरला आणि पंपाच्या त्या भोकाखाली गुलाबी थेंब आला! पंप बदलतोय. पण ते म्हणतात हिरवं कूलंट घालतो, सगळी सारखीच, आणि वर बोअरिंगचं पाणी.

गॅरेजवाले काका (रामबाग):
छान झालं, इंजिन उघडायचं वाचलं. बोअरिंगचं पाणी नको, त्यातला चुना रेडिएटरात बसतो. कूलंट रंगावरून निवडू नका, रंगाचा काही नियम नाही. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच आणा. घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटर मिसळून निम्मं-निम्मं. तयार मिश्रण असेल तर पाणी घालूच नका. निम्म्या-निम्म्याचं मिश्रण साध्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं, टोपी दाब धरते म्हणून त्याहून बरंच वर टिकतं. त्यामुळे टोपी जुनी असेल तर तीही आत्ताच बदला.

पंपाचं गॅस्केट नवं हवं. पट्टा उतरलेलाच असेल, भेगा दिसल्या तर तोही नवा. तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनच्या झडपा वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्यावर) फिरत असेल तर तो बेल्ट याच वेळी बदला, मजुरी एकदाच पडते.

भरल्यावर हवा काढायला विसरतात, तिथे उभ्या राहा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, मग गार झाल्यावर पातळी बघून भरायचं.

ओंकारेश्वरला लगेच नका निघू. आधी थोडे दिवस गावात चालवा आणि रोज सकाळी थंड इंजिनावर टाकीची पातळी बघा. हलली नाही तर खुशाल जा. परतीला भेरूघाट चढताना काटा वर सरकलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, आणि जागा मिळताच बाजूला थांबा.

आणि जुनं कूलंट नालीत ओतू देऊ नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, गल्लीतली गाय-कुत्री चाटतात. कॅनमध्ये भरून झाकण लावून गॅरेजवाल्यालाच नीट विल्हेवाट लावायला सांगा.