कंपायलर ‘टेस्ट सूट पास’ आहे म्हणजे नेमकं काय?

लूपवाला:
फर्मवेअरसाठी (उपकरणाच्या चिपमध्ये बसणारा कोड) सी कंपायलर, म्हणजे सी कोडचा मशीन कोड करणारं टूल, बदलायचं चाललंय. व्हेंडर म्हणतो आमचा कंपायलर सी भाषेच्या स्टँडर्डची अख्खी टेस्ट सूट (नियम पाळतो का बघणाऱ्या टेस्टचा संच) पास करतो, रिपोर्टपण पाठवलाय. पण ओ२ (कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन) लावलं की आमचा एक रेंज चेक गायबच होतो, डिसअसेंब्लीत (तयार मशीन कोड वाचता येईल अशा रूपात) दिसतच नाही, आणि ओ०ला, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवलं की, सगळं नीट. मग ह्या ‘पास’वर विसंबायचं तरी किती?

जुना_पॉइंटर:
चेक कशावर आहे ते टाका आधी. ९० टक्के वेळा साइन्ड ओव्हरफ्लो (ऋण आकडेही धरणाऱ्या टाइपमध्ये न मावणारं उत्तर) निघतो आणि शिव्या कंपायलरला बसतात.

लूपवाला:
साइन्ड काहीच नाहीये हो. दोन यूइंट१६_टी (१६ बिटी, ऋण नसलेले आकडे), त्यांचा गुणाकार यूइंट३२_टीमध्ये (तसाच, पण ३२ बिटी) ठेवतो आणि तो इंट_मॅक्सच्या, म्हणजे इंटच्या सर्वात मोठ्या आकड्याच्या, वर गेला का बघतो, बस.

जुना_पॉइंटर:
बघा, तिथेच आहे! ३२ बिटी इंट असेल तर गुणाकाराआधी दोन्ही प्रमोट होऊन (आपोआप मोठ्या टाइपात बदलून) साइन्ड इंट होतात. ६५५३५ गुणिले ६५५३५ म्हणजे ४२९४८३६२२५, आणि इंटची मजल २१४७४८३६४७ पर्यंतच. म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर (यूबी, काय व्हावं हे स्टँडर्ड सांगतच नाही), मग ऑप्टिमायझर म्हणतो हे होणारच नाही आणि चेक उडवतो, नियमात राहून. एका बाजूला यूइंट३२_टीचा कास्ट लावा, म्हणजे गुणाकाराआधीच टाइप बदला. पीसीवर जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरने यूबी सॅनिटायझर (चालताना यूबी झालं की सांगणारी तपासणी) लावून टेस्ट चालवलीत तर असले बाकीचेही सापडतील, अर्थात त्या व्हॅल्यू टेस्टमध्ये आल्या तर.
आणि हे कुठलीच सूट पकडणार नाही, कारण जिथे स्टँडर्डच उत्तर देत नाही तिथे टेस्टमध्ये ‘अपेक्षित उत्तर’ लिहिणार काय?

सेगफॉल्ट_काका:
बरोबर, पण म्हणून कंपायलर सोवळे आहेत असंही नाही. कॉन्फॉर्मन्स सूट, म्हणजे व्हेंडर सांगतोय ती, स्टँडर्डचं एकेक कलम घेऊन छोटे छोटे प्रोग्राम लिहिते, चालायला हवं ते चालतं का, चुकीच्याला एरर येते का. फ्रंटएंडला, म्हणजे कोड वाचून नियम तपासणाऱ्या भागाला, हे उत्तम. ऑप्टिमायझरचे पाच पास (कोड सुधारणाऱ्या फेऱ्या) एकापाठोपाठ लागल्यावर काय होतं ते त्यात फारसं तपासलंच जात नाही. युटा विद्यापीठाच्या लोकांनी सीस्मिथ नावाचा जनरेटर बनवला, यूबी टाळून रँडम सी प्रोग्राम लिहायचे, वेगवेगळ्या कंपायलरांना द्यायचे आणि उत्तरं जुळतात का बघायचं. २०११ च्या पेपरात ३२५ हून जास्त बग कळवल्याचं आहे, आणि तपासलेला प्रत्येक कंपायलर कधी ना कधी गुपचूप चुकीचा कोड देताना सापडला. कॉम्पसर्ट नावाच्या कंपायलरच्या गणिताने सिद्ध केलेल्या मधल्या भागात मात्र तसं काही मिळालं नाही, त्याचे बग निघाले ते सिद्ध न केलेल्या भागात.

मेकफाइल:
व्हेंडरला एकच विचारा, सूट कुठल्या फ्लॅग्जवर (ओ०, ओ२ असे ऑप्शन) आणि कुठल्या टार्गेटवर (प्रोसेसरवर) चालवली. ओ०चा रिपोर्ट दाखवून ओ२ विकणारे असतात. आयएसओ २६२६२ (गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचं स्टँडर्ड) वगैरेसाठी टूल क्वालिफाय करायचं, म्हणजे विश्वासार्ह आहे हे दाखवायचं, असेल तर तुम्ही शिप करता तोच ऑप्शन सेट, तीच व्हर्जन लागते, मागच्या व्हर्जनचा रिपोर्ट चालत नाही. सूटचं लायसन्स मिळत असेल तर स्वतःच चालवा, वेळ जातो पण फेल झालेल्यांची यादी वाचायला मिळते आणि खरी माहिती तिथेच असते.

लूपवाला:
कास्टने चेक परत आला, आभार. रिपोर्टमध्ये फ्लॅग्जचा उल्लेखच नाहीये, उद्या मेल टाकतो. सीस्मिथ छोट्या कंट्रोलरवर कोणी चालवलंय का, रॅम पुरतो का?