मदत हवी आहे: 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'मधलं एक गाणं गायब

कोकमसरबत
डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' अल्बमची रेकॉर्ड मागवली. एक गाणं नाहीच त्यात! दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ऐकल्या. दुकानदार म्हणतो माल ओरिजिनल आहे. परत करायची मुदत उद्या संपतेय. डुप्लिकेट माथी मारलीय का? जाणकारांनी लवकर सांगा प्लीज.

उलटीपट्टी
कोणतं गाणं ते तरी सांगाल का?

रात्रपाळी
लेबलचा फोटो डकवा. शिवाय शेवटचं गाणं संपतं तिथपासून लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यात नंबर कोरलेला असतो. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा, दिसेल. तो इथे लिहा.

पेटीवाला
मुळात रेकॉर्ड घेतलीच कशाला? सीडी घ्यायची. टाइटल साँगच्या सुरुवातीला जॉन लॉर्डचा ऑर्गन जो उठतो, तो करकर न होता ऐकायला मिळतो. १९७३ मध्ये फुटलेले बँडचे पाचजण ११ वर्षांनी या अल्बमसाठी एकत्र आले, त्यात खरा भाव खाल्लाय लॉर्डनेच.

कोकमसरबत
नाव माहीत असतं तर धागा काढला असता का? दणदणीत गाणं आहे, स्लो नाही. कोरसमध्ये '...सिबल, ...सिबल' असं काहीतरी. मामाकडे ऐकायचो.

अण्णा_डोंबिवली
मग 'सन ऑफ अ‍ॅलेरिक'! सिंगलच्या मागच्या बाजूला होतं, १९९९ च्या रिमास्टरमध्ये (आवाज सुधारून काढलेल्या आवृत्तीत) घातलं. ब्लॅकमोरने काय वाजवलंय! (पेटीवाले, लॉर्ड वगैरे ठीक आहे हो, पण बँड उभा होता तो गिटारवर.)

उलटीपट्टी
अण्णा, ते नुसतं वाद्यसंगीत आहे. दहा मिनिटं गायक गिलन तोंड उघडत नाही. त्यांना कोरस ऐकू येतोय!

अण्णा_डोंबिवली
बरं, राहिलं. पण ऐकाच एकदा.

खडीसाखर_२
नवीन रेकॉर्डवरही धूळ असते. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, खोबणीच्या दिशेने पुसायची, आडवी नाही. नळाचं पाणी अजिबात नको, क्षार राहतात.

कोकमसरबत
अहो, धुळीने अख्खं गाणं पुसलं जातं का?

निवांत_पाटील
'हंग्री डेज' असेल. त्यात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या जुन्या दिवसांचा उल्लेख आहे, म्हणजे पर्पलच्याच 'स्मोक ऑन द वॉटर' गाण्यातला मामला. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाच्या कार्यक्रमात तिथलं कसिनो जळालं, ते. लोक या अल्बममधली दोनच गाणी ऐकतात आणि हे राहून जातं. 'अंडर द गन'च्या सोलोमध्ये ब्लॅकमोर मध्येच इंग्लिश संगीतकार एल्गारचा 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' मार्च घुसवतो, ते तरी किती जणांनी पकडलंय?

पेटीवाला
पकडलंय. चेष्टा चांगली आहे, पण म्हणून सोलो थोर होत नाही.

रात्रपाळी
धागाकर्ते, मामाकडे रेकॉर्ड होती की कॅसेट? हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कोकमसरबत
कॅसेटच, दुसरं काय असणार तेव्हा? विकतची, भरून आणलेली नाही.

रात्रपाळी
हे आधी सांगायचं ना! गाणं आहे 'नॉट रिस्पॉन्सिबल'. १९८४ मध्ये ते फक्त कॅसेट आणि सीडीवर दिलं होतं. रेकॉर्डवर आठच गाणी, दोन्ही बाजूंना चार-चार. 'नॉकिंग अ‍ॅट युअर बॅक डोअर'ने सुरू होऊन 'हंग्री डेज'वर संपत असेल तर अल्बम पूर्ण आहे. परत करू नका.

उलटीपट्टी
+१. रेकॉर्डवर जागा नसते. बाजू लांबवली की खोबणी बारीक करावी लागते, मग आवाज आणि बेस दोन्ही पडतात.

निवांत_पाटील
जागेचं कारण सांगू नका. एकेक बाजू वीसेक मिनिटांची आहे, पाच मिनिटांचं गाणं सहज बसलं असतं. सीडी खपवायची होती कंपनीला, सरळ गोष्ट आहे.

पेटीवाला
म्हणून मी पहिल्यापासून म्हणतोय, सीडी घ्या.

अण्णा_डोंबिवली
अवांतर: पर्पल १९९५ मध्ये मुंबईत वाजवून गेले, त्याची 'बॉम्बे कॉलिंग' नावाची डीव्हीडी आहे. तोवर ब्लॅकमोर गेलेला, गिटारवर स्टीव्ह मोर्स. आणि गंमत म्हणजे पर्पलच्या 'चाइल्ड इन टाइम'ची सुरावट ज्या गाण्यावरून उचलली, त्याचंही नाव 'बॉम्बे कॉलिंग'. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडचं, १९६९.

पेटीवाला
उचलली नाही, प्रेरणा घेतली. लॉर्डने ऑर्गनवर तिचं काय केलं ते ऐका आधी.

निवांत_पाटील
आपल्या संगीतकारांनी केलं की चोरी, लॉर्डने केलं की प्रेरणा :)

कोकमसरबत
धन्यवाद रात्रपाळी! हेच ते गाणं, आत्ता यूट्यूबवर ऐकलं. पण शनिवारी मामाची साठी आहे, त्याच्यासाठीच घेतली होती रेकॉर्ड. त्याच्याकडे सीडी प्लेअर नाही. आता काय करू?

खडीसाखर_२
पेन ड्राइव्हवर भरून द्या.

रात्रपाळी
रेकॉर्ड द्याच, सोबत जुनी कॅसेट मिळाली तर बघा. त्यांचा कॅसेट डेक चालू आहे का? बरीच वर्षं बंद असेल तर आतला रबरी बेल्ट डांबरासारखा चिकट झालेला असतो, तसाच चालवलात तर टेप गुंडाळून खाईल. मॉडेल नंबर मागच्या पट्टीवर असतो. तो टाका, बेल्टचं माप सांगतो.