मदत हवी आहे: ओट्याखालच्या पीव्हीसी शटरना सॉफ्ट-क्लोज हिंज बसवायचे आहेत (पुणे)

कोथरूड_ओटा
ओट्याखालची चार शटर सध्या साध्या ऑटो हिंजवर आहेत आणि जोरात आपटतात. सॉफ्ट-क्लोज हिंज लावायचा विचार आहे. मापं देतो.

शटर १८ मिमी पीव्हीसी फोम बोर्डची, समोरून १ मिमी लॅमिनेट, प्रत्येक ४५० रुंद आणि ६८० उंच. तीन भरीव आहेत. सिलिंडरच्या बाजूचं शेवटचं मात्र पोकळ पीव्हीसी पॅनेलचं आहे, टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखं वाजतं. दोन्ही टोकांना कडप्प्याच्या उभ्या फरशा, त्यांना आतून फोम बोर्डच्या १८ मिमी जाड, ७५ मिमी रुंद पट्ट्या सिलिकॉनने चिकटवलेल्या. मधलं पार्टिशन एकाच १८ मिमी बोर्डचं, त्यावर दोन्ही बाजूंनी एकेक शटर येतं.

क्रँक (हिंजच्या हाताचा बाक) कोणता घ्यायचा? कपची, म्हणजे शटरमधे रुतणाऱ्या हिंजच्या गोल वाटीची, जुनी ३५ मिमीची भोकं चालतील का? दोन ठिकाणी कपचे स्क्रू नुसते गरगर फिरतात, त्यांचं काय करायचं? आणि पोकळ शटरला हे हिंज लागतात का?

गुण्या
क्रँकचं आधी सांगतो, कारण दुकानात गडबड इथेच होते. टोकाच्या दोन शटरना झिरो क्रँक. तिथे शटरला १८ मिमीची अख्खी पट्टी झाकायला मिळते. मधल्या पार्टिशनवरच्या दोघांना आठ क्रँक, कारण १८ मिमी जाडी दोघांत वाटली जाते आणि मधे फट सोडून प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ८ मिमीच येतात. सोळा क्रँक शटर चौकटीच्या आत बसतं तेव्हा लागतो, तुमच्याकडे त्याचं काम नाही. ६८० उंचीला दोन हिंज पुरतात, म्हणजे झिरोचे चार आणि आठचे चार. सगळे एकाच कंपनीचे, एकाच सीरिजचे घ्या. चौकटीवर बसणारी प्लेट आणि हिंजचा हात वेगवेगळ्या सीरिजचे असले की क्लिप बसत नाही, किंवा बसते आणि हलत राहते.

गिरमिट
क्रँक बरोबर सांगितलेत. पण पीव्हीसीत हिंज टिकणार की नाही हे स्क्रू कशात रुततो त्यावर ठरतं. फोम बोर्डला वरखाली टणक साल असते आणि मधला गाभा हलका, फुगवलेला. स्क्रूची सगळी पकड त्या गाभ्यात. म्हणून बोर्डचं वजन महत्त्वाचं. ८ बाय ४ फुटांचा १८ मिमीचा शीट ०.६ घनतेचा असेल तर साधारण ३२ किलो भरतो. २४-२५ किलोचा शीट शटरसाठी घेऊ नये, मग हिंज कितीही महागडे असोत.

आता भोकं. ३५ मिमीचा कप जवळपास सगळ्या कंपन्यांचा सारखा, पण कपच्या दोन स्क्रूंमधलं अंतर ४५, ४८ किंवा ५२ मिमी असतं. जुन्या हिंजचं अंतर मोजून तेच मिळालं तर उत्तम. ४८ काढून ५२ लावलात तर नवं भोक जुन्याच्या अगदी काठावर पडतं, दोन्ही मिळून एक लांबट भोक होतं आणि पकड संपते. खोलीही पाहा. कप साधारण १२ मिमी आत जातो, पाकिटावर आकडा असतो. भोक उथळ असेल तर कपची पट्टी बोर्डला टेकत नाही आणि स्क्रू आवळताना ती वाकते.

फिरणाऱ्या स्क्रूंचा उपाय असा. भोक ६ मिमीच्या बिटने १४ मिमी खोल करा, बिटला टेप गुंडाळून खूण ठेवा. भुसा फुंकून काढा. ६ मिमीचा लाकडी डॉवेल (गोल खुंटी) दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीत बुडवून ठोका आणि एक दिवस हात लावू नका. मग वर आलेला भाग सपाट कापून मधोमध स्क्रूला वाट दाखवणारं २.५ मिमीचं पायलट भोक पाडा. स्क्रू ४ बाय १६, जाड आट्यांचा चिपबोर्ड स्क्रू. १९ चा घेतलात तर टोक लॅमिनेटला आतून ढकलतं आणि समोर पुटकुळी दिसते. शेवटचे आटे हातानेच फिरवा. ड्रिलने आवळताना डोकं टेकल्यावर अर्धा फेरा जरी जास्त झाला तरी गाभ्यातले आटे कापले जातात. इन्स्टंट ग्लू आणि पीव्हीसीचा भुसा भरायची पद्धतही बरेच जण वापरतात. ती पटकन कडक होते पण ठिसूळ असते, रोज उघडझाप होणाऱ्या शटरला मी सुचवणार नाही.

पोकळ शटर बदला. त्या पॅनेलच्या भिंती जेमतेम एक-दीड मिलिमीटरच्या असतात. कपचं भोक पाडलं की आतल्या फासळ्या कापल्या जातात आणि स्क्रूला धरायला काही उरत नाही. बाजूची पट्टी काढून आत भरीव बोर्ड सरकवता येतो, पण एवढ्या खटाटोपात नवं शटर होतं. ४५० बाय ६८० चा तुकडा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला किंवा जवळच्या प्लायवुडच्या दुकानात विचारा. लॅमिनेट मात्र दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूने लावलं की शटरला बाक येतो, आणि तो हिंजच्या स्क्रूने निघत नाही.

कोथरूड_ओटा
दोघांचे आभार. मोजलं, जुनं अंतर ४८ आहे, तेच घेतो. नवीन शटरला भोक स्वतः पाडायचं झालं तर? शिवाय कडप्प्यावरची एक पट्टी वरच्या टोकाला किंचित सुटली आहे.

गिरमिट
पट्टी आधी पक्की करा, नाहीतर बाकी सगळं फुकट. गुळगुळीत कडप्प्यावर नुसतं सिलिकॉन सतत ओढ बसली की सुटतं. कडप्पा चुनखडीचा दगड, काठाशी ढलपी उडते. म्हणून ड्रिलचं हॅमर बंद ठेवून ६ मिमीचा मेसनरी बिट, काठापासून किमान ३० मिमी आत. फरशीची जाडी मोजून घ्या, पलीकडे १० मिमी तरी दगड शिल्लक राहू द्या. गिट्टी (स्क्रूसाठीचा प्लास्टिकचा प्लग) बसवून एका पट्टीला तीन स्क्रू: वर, मधे, खाली. स्क्रूची डोकी बोर्डात बुडवा आणि हिंजच्या प्लेटच्या जागा टाळा.

शटरचं भोक: कडेपासून कपच्या मध्यापर्यंत २१.५ मिमी, म्हणजे कड आणि कप यांत ४ मिमी राहतात. वरून आणि खालून ९० मिमीवर मध्य. पण तुमची जुनी शटर ज्या मापाची आहेत तेच इथेही ठेवा, म्हणजे सगळी एका रेषेत येतील. ३५ मिमीचा हिंज बिट, ड्रिल हळू. वेगात फिरवलं की पीव्हीसी वितळून बिटला चिकटतं आणि भोकाच्या काठावर कंगोरा राहतो. बिटचं मधलं टोक कापाच्या पुढे असतं, तेही खोलीत धरा. आधी वाया गेलेल्या तुकड्यावर एक भोक पाडून कप बसवून पाहा.

प्लेटचे स्क्रू पट्टीच्या पुढच्या कडेपासून ३७ मिमी आत, एकमेकांपासून ३२ मिमीवर.

पेचकस
बसवल्यानंतरचं थोडं. तुमचं एक शटर जेमतेम साडेतीन किलोचं. इतक्या हलक्या दाराला दोन्ही हिंजचे डॅम्पर (शटरचा वेग मारणारा भाग) चालू ठेवले तर ते शेवटी रेंगाळतं. कपजवळची छोटी कळ असते, तिने एका हिंजचा डॅम्पर बंद करा. कळ नसेल तर एक सॉफ्ट-क्लोज आणि एक त्याच सीरिजचा साधा. तरीही शेवटचं बोटभर अंतर उरत असेल तर जुना मॅग्नेट काढलाय का बघा, मग हिंजच्या हातावरचा मागचा स्क्रू सैल करून शटर केसभर पुढे घ्या. पुढचा स्क्रू डावी-उजवीकडे सरकवतो, प्लेटवरचे वर-खाली.

जोडीच्या शटरमधे ३ मिमी फट ठेवा. पीव्हीसी उन्हाळ्यात लाकडापेक्षा जास्त पसरतं. ४५० मिमीच्या रुंदीला २५ अंशांच्या फरकाने पाऊण मिलिमीटरच्या आसपास, आणि जोडी म्हटल्यावर दुप्पट. जानेवारीत पहाटे १ मिमी फट ठेवून बसवलेली जोडी एप्रिलमधे एकमेकींना घासते.

गुण्या
सिलिंडरच्या कप्प्याबद्दल एक गोष्ट कृपया करा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर तळाशी साचते. सॉफ्ट-क्लोज हिंज शटर घट्ट ओढून धरतात. नवीन शटरला अगदी खाली जाळी किंवा भोकांची ओळ ठेवा. हिंजच्या रेषेपासून दूर, म्हणजे शटर कमजोर होणार नाही.

कोथरूड_ओटा
जाळी लावतो. सिंकखाली साधे हिंज चालतील की स्टीलचेच घ्यावे?

पेचकस
सिंकखाली स्टेनलेस स्टील ३०४ चे घ्या, स्क्रूही त्याचेच. हिंज स्टीलचा आणि स्क्रू साधा लोखंडी असला की पावसाळ्यात स्क्रूचं डोकं आधी गंजतं. पण फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली त्या कप्प्यात असेल तर ३०४ सुद्धा टिकत नाही. झाकण लावलेलं असलं तरी वाफ निसटते, आधी डॅम्परच्या आसपासचे रिव्हेट काळे पडतात आणि हिंज कुरकुरायला लागतो. कडप्प्यालाही ते ॲसिड खातं. बाटली बाल्कनीत हलवा.

गिरमिट
आणि खरेदीला जाताना एक जुना हिंज प्लेटसकट सोबत न्या. काउंटरवरच नव्याशेजारी ठेवून कपचं स्क्रूचं अंतर आणि हाताचा बाक जुळवून घ्या.