वजनरहित अवस्थेत निरांजनाची ज्योत कशी दिसेल?

गोदाकाठ:
काल रामकुंडावर द्रोणातले दिवे पाहताना माझ्या आठवीतल्या मुलीने विचारले, की अंतराळ स्थानकात हाच दिवा लावला तर ज्योत वर कशी जाईल, तिथे ‘वर’ अशी दिशाच नसते ना? ज्योत आपल्याच धुरात गुदमरून लगेच विझेल, असे मी सांगून टाकले. पण घरी येईपर्यंत माझ्याच उत्तराची मला खात्री वाटेना. जाणकारांनी कृपया सांगावे.

पंचवटीकर:
शंका अगदी नेमकी आहे, मुलीचे कौतुक वाटते. आपल्याकडे ज्योतीभोवतीची हवा तापून हलकी होते व वर चढते, तिच्या जागी खालून ताजी हवा येते, आणि या ओढीमुळेच ज्योत निमुळती होते. पिवळा रंग असतो तो तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचा. स्थानकात ही ओढच नसते. न ढवळलेल्या पाण्यात शाईचा थेंब पसरावा, तसा ऑक्सिजन संथपणे ज्योतीपर्यंत झिरपत येतो, त्यामुळे ती मंद, निळसर आणि घुमटासारखी दिसते. मात्र ती लगेच विझतेच असे नाही. १९९६ मध्ये रशियाच्या ‘मीर’ या अंतराळ स्थानकावरच्या प्रयोगांत काही मेणबत्त्या ४५ मिनिटांपर्यंत जळल्या.

सातपूरचा वाचक:
यात एक भर घालतो. ज्योत मंद असली तरी पंख्याची झुळूक तिला ऑक्सिजन पुरवते, म्हणून आगीची सूचना मिळताच स्थानकातले वायुवीजन बंद करतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये मीरवर ऑक्सिजन तयार करणाऱ्या नळकांड्यालाच आग लागली, तेव्हा ऑक्सिजन आतूनच मिळत असल्यामुळे ती मंद न राहता जोराने भडकली होती.

शाळामास्तर:
मी हे वर्गात दाखवतो, कारण मोकळी खाली पडणारी वस्तूही पडेपर्यंत वजनरहित अवस्थेतच असते. झाकणाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीत वाढदिवसाची आखूड मेणबत्ती तळाला घट्ट चिकटवायची, बाजूला मोबाइल बसवून चित्रण सुरू करायचे, झाकण लावायचे आणि दोन मीटरवरून ओल्या गोणपाटांच्या जाड थरावर बरणी सोडायची. पडण्याचा वेळ जेमतेम ०.६ सेकंद असतो, पण संथ गतीने चित्रण पाहिले की हात सुटताक्षणी ज्योतीचे टोक आखडते, पिवळेपणा मावळतो आणि वातीभोवती निळसर गोळा उरतो. बरणी हवेतून खाली पडत असली तरी आतली हवा तिच्यासोबतच पडते, म्हणून झाकण आवश्यक आहे. उघडी बरणी सोडली तर वाऱ्यानेच ज्योत विझते. मुलीने प्रयोग करताना शेजारी मोठे माणूस आणि पाण्याची बादली असू द्यावी.